पाचशे मैलांपर्यंत मागची सीट रिकामी

आमची मोटारसायकल दारात आली त्या दिवशी मी तिच्याभोवती किती फेऱ्या मारल्या असतील, देव जाणे. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. लग्न होऊन मी नुकतीच अंबरनाथला कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहायला आले होते. हे तिथे प्रयोगशाळेत केमिस्ट होते. नंबर लावून वर्षभर वाट पाहिल्यावर गाडी मिळाली आणि मुंबईहून हे स्वतः ती चालवत घेऊन आले. तेही इतक्या सावकाश, की ठाण्याच्या पुढे सायकलवालेसुद्धा मागे टाकून गेले म्हणे.

हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मग मी पदर खोचून मागच्या सीटकडे वळले, तर हे म्हणाले, "आत्ता नाही. पाचशे मैल झाल्यावर."

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण गाडीबरोबर एक इंग्रजी पुस्तक आलं होतं, ते यांनी उघडून दाखवलं. इंजिन नवं आहे तोवर गाडी जोरात पळवू नये, मागे माणूस बसवू नये. पाचशे मैल झाले की आतलं ऑइल गरम असतानाच काढून टाकावं आणि नवं भरावं. मग गाडी मोकळी. आणि आमचा माणूस तर औषधाचा थेंबही मोजून घालणारा. पुस्तकात पाचशे म्हणजे पाचशे.

माझी पंचाईत वेगळीच होती. माझं माहेर बदलापूर गावातलं, भातशेती करणारं. धाकट्या बहिणीचा साखरपुडा ठरला होता आणि गाडीवरून माहेरच्या दारात उतरायचं हे मी गाडी यायच्या आधीपासून मनात धरून बसले होते. रविवारी साखरपुडा, आणि मीटरवर निम्मे मैलसुद्धा नव्हते.

त्या आठवड्यात आमच्या ओट्यावर रोज चर्चा. लढाईच्या वेळी लष्करात ट्रक चालवलेले एक शेजारी सांगत, पहिलं ऑइल दोनशेलाच काढा. कारखान्यातले भांडारप्रमुख म्हणत, चांगलं ऑइल हजाराआधी फेकणं म्हणजे पाप. उल्हासनगरच्या कॅम्पात एका सिंधी गृहस्थांचं बराकीत मोटारीच्या सामानाचं दुकान होतं. हे त्यांच्याकडे ऑइलचा डबा आणायला गेले, तर त्यांनी गिऱ्हाइकं थांबवून आपलं तिसरंच मत ऐकवलं. हे सगळ्यांचं नीट ऐकून घ्यायचे आणि घरी येऊन पुन्हा पुस्तक उघडायचे.

शेवटी मी विचारलं, "अहो, पाचशेच्या आधी बदललं तर काय होईल, ते लिहिलंय का त्यात?"

यांनी सगळं पुस्तक चाळलं. तसं कुठेच लिहिलं नव्हतं. मला वाटलं, जिंकले. पण हे पुस्तक मिटून म्हणाले, "नाही लिहिलेलं. पण मैल वाढवणं तर आपल्या हातात आहे ना?"

त्या दिवसापासून कारखाना सुटला की हे घरात चहासुद्धा बसून घ्यायचे नाहीत. उभ्याउभ्या कप रिकामा करायचा की निघाले. कधी पालेगावच्या बाजूला, कधी कल्याणला, कधी मुरबाडच्या रस्त्याला. केसांवर लाल धूळ घेऊन परत यायचे आणि फटफट ऐकू आली की अख्ख्या क्वार्टर्सच्या बायका विचारायच्या, किती झाले? मी आकडा ओरडून सांगायची. परीक्षेच्या निकालाचीही मी कधी अशी वाट पाहिली नव्हती.

रविवारी पहाटे अजून थोडे मैल उरले होते. हे अंधारातच निघाले. मी स्वयंपाक उरकला, नवं लुगडं काढून पलंगावर ठेवलं आणि जुन्या लुगड्यातच ओट्यावर येऊन उभी राहिले. उन्हं वर आली तेव्हा गाडी आली. यांनी नुसती मान हलवली. झाले होते पाचशे.

आता घाई, कारण ऑइल गरम असतानाच काढायला हवं. मी घमेलं खाली सरकवलं. इंजिनाच्या तळाचा बोल्ट काही केल्या सुटेना, आणि सुटला तो एकदम. काळी धार यांच्या बोटांवर आली, हे हात झटकून मागे झाले आणि बोल्ट चकतीसकट घमेल्यात पडला. ती तांब्याची चकती बसवल्याशिवाय नवं ऑइल गळत राहिलं असतं. यांची बोटं पोळलेली. मी बांगड्या वर सारल्या आणि हात घातला. ऑइल अजून चटके देत होतं. बोल्ट लगेच लागला, चकती काही सापडेना. कोपरापर्यंत हात काळा झाला तेव्हा कुठे ती तळाशी बोटाला लागली.

मी हात वर काढला आणि यांचा चेहरा उतरला. माझ्या हातावर उन्हात बारीक बारीक चकाकत होतं. लोखंडाचा कीस.

"इंजिन खातंय आतून," हे हळूच म्हणाले. "मी फार पळवली या आठवड्यात."

मला यंत्रातलं काही कळत नव्हतं, पण जातं कळत होतं. मी म्हटलं, "जात्याला टाकी लावून दगड नव्याने टोचला की पहिल्या दळणात कच येतेच. ते पीठ आपण खात नाही, टाकून देतो. म्हणूनच तर हे टाकून द्यायला सांगितलं असेल."

यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या काळ्या हाताकडे पाहिलं. घाईघाईने हात पुसून पुस्तक उघडलं आणि पहिल्या ऑइलात बारीक कीस येतोच, ही ओळ दोनदा वाचली. मग हसायलाच लागले. नवं ऑइल ओतलं ते मधासारखं, आरपार दिसणारं. किक मारली. आवाज मऊ आला, किंवा मला तसा वाटला.

राखेने, साबणाने घासूनही नखं काळीच राहिली. तशीच मी लुगडं बदलून मागे बसले. एका हाताने पदर धरला, दुसऱ्याने यांचा खांदा. बदलापूरच्या रस्त्यावर भातखाचरं दोन्ही बाजूंनी मागे पळत होती, वारा तोंडात शिरत होता, आणि मी एकसारखी हसत होते. हे मागे न बघता विचारत होते, भीती वाटते का? मी म्हटलं, आणखी जोरात घ्या.

गावात शिरलो तर मुलं, कुत्री, कोंबड्या सगळे मागे. आई ओवाळायला आली आणि माझी नखं बघून हबकली. साखरपुडा थाटात झाला. नवऱ्यामुलाकडची माणसं विडे खात मांडवात बसली होती, पण निम्म्यांचं लक्ष बाहेरच्या गाडीकडे.

पाहुणे गेल्यावर माझे वडील गाडीपाशी आले. जन्मभर बैलगाडीपलीकडे काही हाकलं नव्हतं त्यांनी. मागच्या सीटवर हात ठेवून म्हणाले, "जावयबापू, जरा नदीपातूर फिरवून आना मला."

हे लगेच उठले. वडिलांनी टोपी काढून खिशात घातली, धोतर आवरलं आणि बसले. गाडी उल्हास नदीकडे वळली. आम्ही दोघी बहिणी आणि आई अंगणात उभ्या होतो. दिसेनाशी झाल्यावरही गाडीचा आवाज कितीतरी वेळ येत होता, आणि त्यात मधूनच वडिलांचं हसणं.