जमनाच्या पाड्यापासून खाली

जळगाव स्टेशनवर उतरले तेव्हा नुकतं उजाडत होतं. दिवाळी होऊन आठवडा झाला होता आणि हवेत चांगलाच गारवा होता. पाठीवरच्या पिशवीत चार कपडे आणि पळायचे बूट, एवढंच सामान. बाहेर माझी मावसबहीण सुमनअक्का अंगाभोवती शाल गुंडाळून उभी होती. अक्का माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी. साक्री तालुक्यातल्या डोंगरी शाळांमध्ये शिकवून आता निवृत्त झाली आहे आणि भाऊबीजेसाठी असोद्याला माहेरी आली होती. "तू येतेस म्हणून थांबले," म्हणाली. "आज इथं राहू, उद्या माझ्याकडे."

असोद्याच्या वाटेवर दोन्ही बाजूंना केळीच्या बागा होत्या. पानांवर दव होतं, बागेच्या कडेला कापलेल्या घडांचा ढीग पडलेला आणि माणसं ते उचलून ट्रकमध्ये रचत होती. मध्येच एखादं कपाशीचं शेत यायचं, पांढरं फुटलेलं. अक्काच्या वहिनींनी दारातच माझ्या गालावरून हात फिरवला. दुपारी त्यांनी काटक्यांवर भाजलेल्या हिरव्या वांग्यांचं भरीत केलं, सोबत कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली). संध्याकाळी मी बूट घालून शेताकडच्या रस्त्यानं थोडं पळून आले, तर वहिनी ओट्यावर बसून बघत होत्या.

"कशाले पयतं वं माय? मांगे कोनी लागलं का?" (कशाला पळतेस गं? मागे कोणी लागलंय का?)

"कोणी नाही वहिनी. बरं वाटतं."

"बरं वाटते तं पय," असं म्हणून त्यांनी मला पाण्याचा तांब्या दिला.

दुसऱ्या दिवशी धरणगावावरून एसटीनं धुळ्याला गेलो. स्टँडवर चहा प्यालो आणि तिथून साक्रीची गाडी धरली. साक्रीच्या पुढे काळ्या जमिनी संपून मुरमाड माळ लागले आणि मग अचानक समोर डोंगरांची रांग उभी राहिली. त्या डोंगराच्या पायथ्याच्या गावात अक्कानं बरीच वर्षं शिकवलं होतं. तिथल्या दोन खोल्या तिनं अजून सोडलेल्या नाहीत. अंगणात उभं राहिलं की घाटाचा रस्ता थेट वरपर्यंत दिसतो. एक वळण डावीकडे, एक उजवीकडे, असा तो चढत जातो आणि कड्यापाशी गडप होतो.

"वर काय आहे?" मी विचारलं.

"पाडा आहे. पंधरा-वीस घरं असतील. त्याच्यापुढे जंगल."

"उद्या सकाळी पळत जाऊन येते."

अक्कानं माझ्याकडे आणि मग रस्त्याकडे बघितलं. "चढ आहे बरं का. जीप पहिल्या गिअरमध्ये जाते."

पन्नाशी ओलांडल्यावर कुणी असं सांगितलं की मला जास्तच हुरूप येतो.

सकाळी निघाले. सुरुवातीला रस्ता साधा वाटला. पहिलं वळण घेतल्यावर त्यानं आपला स्वभाव दाखवला. खडी उखडलेली, मध्ये पावसानं पाडलेल्या घळी. तिसऱ्या वळणापर्यंत श्वास छातीत मावेना. पावलं लहान केली, हात कमरेशी आणले, नजर समोर दोन हात अंतरावर ठेवली. बाजूला सागाची मोठी पानं वाळून लालसर झालेली होती. वरून खाली मोटारसायकली येत होत्या, एकेकीवर तीन-तीन माणसं, हातात पिशव्या. साक्रीचा बाजार होता त्या दिवशी. प्रत्येक गाडीवरचं माणूस मान वळवून बघत होतं. एका म्हाताऱ्यानं हात वर केला, मीही केला.

खूप दिवसांत अंग असं पणाला लागलं नव्हतं. मांड्या पेटल्या होत्या, घाम डोळ्यांत उतरत होता, दोनदा थांबावं लागलं आणि दोन्ही वेळा मी स्वतःशीच हसले. कड्यावर पोचले तेव्हा सूर्य चांगला वर आला होता. खाली अक्काचं गाव, त्याच्या पलीकडे दरीत अडकलेलं धुकं. मी गुडघ्यांवर हात टेकून ते सगळं बघत होते, तेव्हा पाड्यावरून कुणाच्या तरी हाका ऐकू आल्या.

पहिल्या घरापाशी गेले. कुडाचं घर, सारवलेलं अंगण. अंगणाच्या कडेला बाजेवर तिशीतली एक बाई पडली होती. उजव्या पावलावर, घोट्याच्या खाली, दोन ठिपके आणि त्यांतून थांबवूनही न थांबणारं रक्त. पाय सुजायला लागला होता. शेजारी बसलेली सासू मला बघून उठली.

"जमनाले साप चावना, माय. नागलीमा." (जमनाला साप चावला, नागलीच्या म्हणजे नाचणीच्या शेतात.)

"गाडी?"

"बठ्ठा बाजारले गयात. गाडी नही शे. फोन लागस नही." (सगळे बाजारला गेले. गाडी नाही. फोन लागत नाही.)

माझ्या फोनलाही रेंज नव्हती. दोन म्हाताऱ्या बाया आणि काही लहान पोरं, एवढीच माणसं पाड्यावर होती. त्यातली एक म्हातारी म्हणाली, पलीकडच्या पाड्यावर भगत (झाडपाला आणि मंत्र करणारा) आहे, त्याला बोलवू. बाजेवरून जमनाच बोलली. आवाज बारीक होता, पण शब्द स्पष्ट.

"भगत नको. माले दवाखानामा लई जा." (मला दवाखान्यात घेऊन जा.)

मी तिला सांगितलं, पाय हलवू नकोस, उठू नकोस, अजिबात चालू नकोस. पायाला कुणी करकचून दोरी बांधली होती ती सासूनं माझ्या सांगण्यावरून सैल केली. आणखी काय करायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं. जमनानं माझ्या बुटांकडे बघितलं आणि मग माझ्या तोंडाकडे. मी म्हटलं, "आणते गाडी." आणि वळले.

चढापेक्षा उतार वाईट असतो हे पळणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही. प्रत्येक पाऊल गुडघ्यावर आदळतं. खडी घसरते. पहिल्याच वळणावर मी पडले, तळहात सोलले, उठले. मनात एकच होतं: घळीत पाय मुरगळला तर आपण इथंच बसून राहू आणि ती तिथं. म्हणून सुरुवातीला जपून पळत होते. मग केव्हातरी ते जपणं सुटलं. पाय आपोआप जागा शोधायला लागले. दगड, माती, दगड. वळण आलं की अंग आपसूक आत झुकायचं. वारा कानात भरला होता, सगळा डोंगर मागे सरकत होता. तेव्हा जे वाटलं ते लिहायला संकोच वाटतो, पण लिहायला हवं. मला आनंद होत होता. आयुष्यात इतकी हलकी, इतकी वेगात मी कधीच पळाले नव्हते. वर एक बाई विषानं सुजत पडली होती आणि मी लहान मुलीसारखी त्या उतारावर उधळले होते. ते जाणवलं तेव्हा स्वतःची लाज वाटली. लाजेनंही वेग कमी झाला नाही.

खाली फाट्यावर बाजाराला निघालेलं एक पिकअप उभं होतं. मागे टोमॅटोचे क्रेट, त्यांवर बाया-माणसं दाटीवाटीनं बसलेली. मी समोर जाऊन उभी राहिले. बोलता येईना. चालक खाली उतरला.

"काय व्हयनं, ताई?"

"वर... पाड्यावर... जमनाला साप चावलाय."

त्यानं एक शब्दही पुढे विचारला नाही. मागे वळून ओरडला, "उतरा रे बठ्ठा! माल खाली घ्या!"

कुणी कुरकुरलं नाही. बायांनी क्रेट हातोहात उतरवले आणि रस्त्याच्या कडेला रचले. गोंधळ ऐकून अक्का धावत आली. "जमना माझ्या हाताखाली शिकलेली," म्हणत ती गाडीत चढली. मीही चढले. सगळा चढ, जो मी घाम गाळत चढले होते, पिकअपनं गुरगुरत पार केला.

जमना शुद्धीत होती. आम्ही तिला बाजेसकट उचलून मागे ठेवलं. साक्रीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत पाय गुडघ्यापर्यंत फुगला होता आणि हिरड्यांतून रक्त येत होतं. डॉक्टर म्हणाले घोणस असणार. त्यांनी लगेच विषावरचं औषध सुरू केलं आणि दुपारी तिला धुळ्याला हलवलं. बाजारात गाठलेला तिचा नवरा रुग्णवाहिकेत तिच्या पायाशी बसला. त्याच्या हातात बाजाराची पिशवी तशीच होती.

दवाखान्याच्या व्हरांड्यात अक्का माझे तळहात धुवत होती. माझा गुडघाही सुजला होता. तेव्हा मी तिला ते सांगून टाकलं, उतारावर मला कसं वाटलं ते.

अक्का पाणी ओतायची थांबली. "मग?" म्हणाली. "रडत पळाली असतीस तर लवकर पोचली असतीस का?"

मी दुसरा तळहात पुढे केला. तिनं पुन्हा पाणी ओतलं.

पुढचे दोन दिवस मी अक्काच्या अंगणात पाय वर करून बसले. धुळ्याहून निरोप यायचे. रक्त गोठत नाही. लघवी होत नाही. मग, थोडी झाली. अक्का प्रत्येक निरोप ऐकून घरात जायची आणि काहीतरी निवडायला घ्यायची.

परतीच्या दिवशी धुळ्यात उतरून आम्ही जमनाला भेटलो. वॉर्डात गर्दी होती. ती भिंतीकडच्या खाटेवर होती, चेहरा सुजलेला, पाय पट्ट्यांत. धोका टळला होता. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे पावलाची कातडी बरीच गेली होती आणि पुन्हा शेतात उभं राहायला खूप महिने लागणार होते. सासू खाली जमिनीवर बसली होती. "नागली उभीच शे," (नागली कापायची राहिली आहे) ती अक्काला म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसले.

जमनानं मला हातानं जवळ बोलावलं. पाड्यावरच्या अंगणातल्या तिच्या बाजेवरून घाटाचा रस्ता दिसतो, हे त्या सकाळी माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"तू दिसनी, मंग दडी गई. मंग परत दिसनी," ती हळूहळू म्हणाली. प्रत्येक वळणावर मी तिला दिसायचे, मग आड व्हायचे. डोळे मिटायला लागले की ती पुढच्या वळणाकडे बघायची. "मी म्हनं, आते दिसी. आते दिसी." (मी म्हटलं, आता दिसेल. आता दिसेल.)

मी तिचा हात धरून बसले. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "डर लागना का तुले?"

"लागला," मी म्हटलं. खोटं बोलवेना. "पण उतारावर मजाही वाटली, जमना. खूप वाटली."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग सुजलेल्या ओठांनी किंचित हसली.

"माले बी येस. तो उतारच तसा शे." (मलाही मजा येते. तो उतारच तसा आहे.) आणि मग पट्ट्यांकडे बघून, "आते कोन जाने."

धुळ्याहून निघणाऱ्या एसटीत मी खिडकीशी बसले होते. अक्का खाली उभी होती, गाडी हलेपर्यंत. मग काळी रानं मागे पडत गेली.

पुण्यात सगळे विचारतात, खानदेशात काय पाहिलंस. मी केळीच्या बागा सांगते, भरीत सांगते, डोंगर सांगते. त्या सकाळचं सांगायला लागले की लोक म्हणतात, केवढं केलंस तू. तेव्हा मला अवघडल्यासारखं होतं, कारण ते अर्धंच खरं आहे. मी तिच्यासाठी पळाले आणि माझं सुखही त्याच पळण्यात होतं. ही दोन पळणी वेगळी करायचा मी बराच प्रयत्न केला. जमत नाही, आणि आता करतही नाही. आपल्या सुखाचा कुणाच्या तरी जिवाला उपयोग झाला, असं किती वेळा घडतं?

गेल्या आठवड्यात अक्काचा फोन आला होता. जमना काठी घेऊन घरातून निघाली आणि कुणाला न सांगता घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत उतरून गेली. परत चढताना तिला फार वेळ लागला. सासू खूप रागावली. कशाला गेली होतीस, असं अक्कानं विचारलं, तर जमना नुसती हसली.