इन म्हणजे कुणाच्या आत?

राउटर बसवणाऱ्यांकडे कसले किस्से असणार, असं लोकांना वाटतं. पण एका नियमाची दिशा चुकली की एक किस्सा तयार होतो, आणि माझ्या पुष्कळ चुकल्यात.

अंबरनाथला आमचं छोटं ऑफिस आहे. माणसं दोन, कविताताई आणि मी. ताई शिकवतात, मी चुकतो. फायरवॉल म्हणजे नेटवर्कचा वॉचमन. आत कोण येईल, बाहेर कोण जाईल, ते आम्ही राउटरमध्ये लिहून देतो. प्रत्येक नियमापुढे 'इन' किंवा 'आउट' अशी दिशा टाकावी लागते.

उल्हासनगरच्या एका कापडवाल्या शेठनी सांगितलं, "बाहर का कोई अंदर नहीं आना चाहिए, बस." मी लगेच नियम लावला. सकाळी शेठचा फोन, दुकानातून एकही मेल बाहेर जात नाही. ताईंनी स्क्रीन बघितली. "चोर येऊ नये म्हणून तू शेठनाच कोंडलंस."

एका कारखान्यातले साहेब ताईंशी वाद घालत होते. "इन म्हणजे कंपनीच्या आत, मॅडम. साधी गोष्ट आहे."

ताईंनी खुर्ची उचलली, केबिनच्या दारात ठेवली आणि तिच्यावर बसल्या. "मी राउटर. तुम्ही केबिनमधून माझ्याकडे या."

साहेब आले.

"आता तुम्ही माझ्याकडे आलात, म्हणजे माझ्यासाठी इन. केबिनसाठी तुम्ही बाहेर पडलात. नियम राउटरच्या नजरेनं लिहायचा."

साहेब म्हणाले, "मग आता मला जाऊ द्या."

"नियम लिहावा लागेल," ताई म्हणाल्या.

बदलापूरला औषधं बनवणाऱ्या एका कंपनीची शाखा आहे. तिथे ताईंनी आत येणाऱ्यावर तर नियम लावलेच, बाहेर जाणाऱ्यावरही लावले. मॅनेजर कुरकुरले, "आमचीच माणसं, त्यांना कशाला अडवता?" ताईंनी नियम काढले नाहीत.

पुढे कंपनीत एका मेलमधून व्हायरस शिरला. बाकीच्या शाखांच्या फायली लॉक झाल्या, कामं ठप्प. बदलापूरच्याही एका कॉम्प्युटरमध्ये तो आला होता. पण फायली लॉक करायला त्याला बाहेर निरोप धाडून चावी मागवायची होती, आणि दर वेळी तो ताईंच्या नियमावर अडकत होता. तिथली एकही फाईल गेली नाही.

त्याच दिवशी दुपारी कंपनीच्या हेड ऑफिसमधून मोठ्या तज्ज्ञांचा आमच्याकडे फोन आला. ताईंनी उचलला.

"बदलापूरचे रूल ज्यांनी लिहिले, त्या सरांना द्या."

ताईंनी फोन माझ्या हातात दिला.

मी म्हणालो, "एक मिनिट हं, सरांना देतो," आणि फोन परत ताईंना दिला.