नाथसागरावर पाठमोरे

मुकुंदवाडीच्या लहानशा स्टेशनवर उतरलो तेव्हा माझा जुना मित्र भास्कर हार घेऊन उभा होता. हार माझ्यासाठी नव्हता. "उद्याच्या पाहुण्यांचा आहे, धर जरा," म्हणाला आणि त्यानं माझी बॅग उचलली. कृष्णाकाठच्या सांगलीच्या माणसाला कोरड्या मराठवाड्यात कुणी होडी वल्हवायला बोलावलं की त्याला हसू येतं. मला भास्करचं पत्र आलं तेव्हा आलं होतं. हार हातात आल्यावर पुन्हा आलं.

भास्कर त्याच्या वसाहतीतल्या ज्येष्ठ नागरिक मंडळाचा अध्यक्ष. सहल मात्र त्याच्या बायकोनं, कुसुमवहिनींनी, ठरवली होती. पैठणच्या धरणानं अडवलेल्या पाण्यावर, म्हणजे नाथसागरावर, गावकऱ्यांनी चालवलेला वल्हवणाऱ्यांचा क्लब आहे. तिथला नियम मला आवडला: जो गटाचं बुकिंग करील, त्यानंच आधी शिकून सुकाणू धरायचं. माणसं ज्यानं गोळा केली, त्यालाच कोण ऐकतं आणि कोण नाही हे ठाऊक असतं. वहिनी दोन महिने दर रविवारी एसटीनं तिथं जाऊन शिकत होत्या. भास्करच्या लेखी हे सगळं "फोनाफोनीचं काम" होतं.

संध्याकाळी क्लबच्या सलमाबाजींचा (बाजी म्हणजे थोरली बहीण) फोन आला. होडीचा तोल साधायला प्रत्येकाचं वजन हवं होतं.

"वजन बोलो वहिनी, उमर मैं पूछती नहीं."

"अडुसष्ट सांग माझं!" भास्कर आतून ओरडला. वहिनींनी आतल्या दाराकडे पाहिलं, सुस्कारा सोडला आणि अडुसष्ट सांगितलं.

सकाळी काठावर पोचलो तर पाण्याआधी बॅनर दिसला. प्रमुख पाहुणे अप्पासाहेब लासूर स्टेशनचे कापूस व्यापारी, देहानंही व्यापक. नारळ, शाल, हार, मग भास्करचं भाषण. माणूस समुद्रपार निघाला असावा, असा त्याचा सूर होता. बाजी हळूच म्हणाल्या, "ऊन चढलं की वारा सुटतो. मग होडी सोडता येत नाय."

तेवढ्यात भास्करनं जाहीर केलं, "आजचं सुकाणू अप्पासाहेबांच्या हाती!"

टाळ्या पडल्या. वहिनी जाकिटाचा पट्टा आवळत होत्या, हात थांबला. त्या पुढं आल्या.

"अहो, बुकिंग माझ्या नावावर हाय. ती जागा माझी नसंल तर होडी पाण्यात जायची नाय."

"लोकांसमोर काय हे?"

"लोकांसमोरच बोलायले मी. घरी ऐकलं असतं व्हय तुमी?"

सगळे अप्पासाहेबांकडे बघू लागले. त्यांनी हार काढून भास्करच्याच गळ्यात घातला. "बसा ताई. मला पोहता येत नाय, अन् हे वळवता तर मुळीच येत नाय. मला वाटलं निस्ती फीत कापायचीय. जाकीट तेवढं मोठं बघा."

आम्ही आठ जण दोघं-दोघं शेजारी बसलो, एकेक वल्हं हातात. होडी लगेच उजवीकडं कलली. धक्क्यावरून बाजींचा आवाज आला, "तीन नंबर, सच बोलो!"

"ब्याऐंशी," भास्कर पुटपुटला.

अप्पासाहेबांना डावीकडं सरकवलं आणि होडी सरळ झाली.

होडीत वल्हवणारा पाठमोरा बसतो, हे सांगलीत राहूनही मी कधी मनावर घेतलं नव्हतं. आमच्यासमोर फक्त दूर जाणारा काठ होता, त्यावर फडफडणारा बॅनर होता, आणि होडीच्या टोकाला वहिनी. पुढचं पाणी त्यांना एकट्यांना दिसत होतं.

"एक... दोन... तीन नंबर, घाई नको!" चाळीस वर्षं ज्याला 'अहो' म्हटलं त्याला आता नंबर होता. तीन नंबरनं घाई थांबवली. पाणी वल्ह्याखाली एका सुरात वाजू लागलं.

बराच वेळ गेला. वहिनींचा चेहरा एकाएकी बदलला. "थांबा," त्या कुजबुजल्या. "वल्ही वर. आता हळूच मागं बघा."

उथळ पाण्यात रोहित पक्षी उभे होते, शेकड्यांनी. पांढऱ्यावर फिकट गुलाबी. अप्पासाहेब एवढंच म्हणाले, "लई भारी." दिवसभरातलं सर्वांत चांगलं भाषण तेच.

वारा सुटायच्या आत वहिनींनी होडी धक्क्याला अलगद लावली. मग शेतातला गरम हुरडा, तिळाची चटणी आणि दही. भास्कर हुरडा खात होता. हार अजून गळ्यात होता; काढायचं राहून गेलं असावं.

दुसऱ्या दिवशी पुण्यामार्गे परतीच्या एसटीत मला ड्रायव्हरच्या पाठीमागची उलटी सीट मिळाली, जिच्यावर कुणी राजीखुशीनं बसत नाही. मी बसलो. भास्कर खिडकीशी आला.

"पुढच्या महिन्यात परत जातोय. तिनंच बुकिंग केलंय. मला पुन्हा तीन नंबर."

"वजन?"

"ब्याऐंशी," तो म्हणाला. "मीच सांगितलं बाजींना."

गाडी सुटली. बाकीचे प्रवासी पुण्याकडं तोंड करून बसले होते. मी एकटाच मागं बघत होतो, आणि हात हलवणारा भास्कर मला स्टँडाबाहेरच्या वळणापर्यंत दिसत राहिला.