मी पार्बताबाईला विचारलंच नाही

ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. दोनदा ओठांवर आली होती, दोन्ही वेळा मी पाणी प्यायलो आणि दुसरंच काहीतरी बोललो. आज तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच कदाचित जमेल.

ओळखत असता, तर एकच गोष्ट ऐकली असती — आमच्या भागात बायकांना यंत्रावर बसवणारा पहिला माणूस म्हणजे मी. लोक तसं म्हणतात. एकदा शाल-श्रीफळही झालं. मी हात जोडून उभा होतो, मान खाली. लोकांना ती नम्रता वाटली.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. तेव्हा आमचा सगळा मुलूख चांदा जिल्ह्यातच होता. चामोर्शीच्या अलीकडे, वैनगंगेच्या बाजूच्या चिकणमातीवर, नागपूरच्या एका मालकानं कवेलूंचा, म्हणजे छपरावरच्या कौलांचा, कारखाना टाकला होता. इंग्रजी कवेलू, चपटे, एकात एक अडकणारे. माती मळायला तेलाचं इंजिन होतं. पण कवेलू दाबायची यंत्रं हातांनीच फिरवायची — वर आडवा दांडा, तो दोघांनी झोका देऊन फिरवला की साचा खाली येऊन मातीचा कवेलू उमटायचा. यंत्रावर पुरुष. बायकांनी माती वाहायची, ओले कवेलू फळ्यांवर नेऊन ठेवायचे. मी मुकादम होतो. मॅट्रिक पास. दुसरं कुणीही तिथं तेवढं शिकलेलं नव्हतं, आणि हे मी विसरू द्यायचो नाही — कुणालाच.

पार्बताबाई माती वाहणाऱ्यांतली. तीस-बत्तीसची असेल. दोन मैलांवरच्या गावातून यायची. नवरा मारोती जंगलात बांबू तोडायला जायचा. ती फार बोलत नसे. पण टोपल्यातली चिमूटभर माती दातांखाली धरून बघायची, आणि मान हलवायची — ही चालेल, ही नाही. मी हसायचो. नंतर पाहिलं, तिनं नाही म्हटलेल्या मातीचे कवेलू भट्टीत खरंच फुटायचे. तुम्ही काय केलं असतं? मी हसणं थांबवलं, पण तिला काही बोललो नाही.

मग तो उन्हाळा आला. वाळायला ठेवलेले कवेलू तडकायला लागले. निम्म्यांना तडे. मालकानं माती बदलून पाहिली, पाणी कमी करून पाहिलं, मिस्त्री बदलून पाहिला. एके दिवशी दुपारी पार्बताबाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"माती खोटी नाई, भाऊ. वारा खोटा हाय. बुडतीकडून झाव लागते, एका बाजूनं वाळून राह्यले थे. तिकडून तट्टे बांधा आन् त्याईवर पानी मारा."

बुडती म्हणजे मावळतीची दिशा, झाव म्हणजे उन्हाळ्यातला गरम वारा. आणि उपाय काय, तर बांबूचे तट्टे! जे आमच्याकडं प्रत्येक घराच्या कुडाला असतात, ते. मी बांधून घेतले. तिनं फळ्यासुद्धा रोज उलट्या फिरवायला लावल्या, मागची बाजू पुढं. पंधरा दिवसांत तडे गेले. पावसाळ्यापर्यंत आमचा माल असा निघायला लागला, की बोटांनी वाजवला तर पितळेच्या भांड्यासारखा आवाज.

मालक जीप घेऊन आले, तेव्हा मी त्यांना खरं सांगितलं, की ही युक्ती पार्बताबाईची. हे मुद्दाम सांगतो, कारण इथपर्यंत मी बरा माणूस होतो. मालकांनी तिला दुरून काम करताना बराच वेळ पाहिलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, जबलपूरकडे माझ्या ओळखीचा मोठा कारखाना आहे. या बाईला तीन महिने शिकायला पाठवू. परत आली की यंत्रांची सगळी शेड तिच्या हाती. तू तिच्या घरी जा, नवऱ्यासमोर नीट विचार, उद्या मला सांग.

शेड तिच्या हाती. म्हणजे — मी कुठं?

संध्याकाळी निघालो. तिच्या गावाच्या अलीकडे तलाव आहे, त्याच्या पाळीपर्यंत, बांधापर्यंत गेलो. पलीकडे घरं दिसत होती, चुलींचा धूर दिसत होता. मी पाळीवर बसलो. किती वेळ, कोण जाणे. माझ्याहून कमी शिकलेल्या — कमी काय, अक्षरही न शिकलेल्या — बाईच्या हाताखाली हजेरी भरणारा मी मला दिसायला लागलो. आणि मी उठून परत फिरलो.

दुसऱ्या दिवशी मालकांना सांगितलं, "ती नाही म्हणते. नवरा पाठवत नाही."

किती सोपं होतं, सांगू? मालकांनी एकही प्रश्न विचारला नाही. नवरा पाठवत नाही — या तीन शब्दांवर शंका घेतो कोण? मीही ते म्हणूनच निवडले होते. मालक म्हणाले, मग तूच जा.

मी गेलो. तीन महिने राहिलो. फोरमन होऊन परत आलो.

त्या मारोतीबद्दल सांगायलाच हवं. मी जायच्या आदल्या दिवशी तो फाटकाशी भेटला. पत्रावळींसाठी मोहाच्या पानांचा भारा डोक्यावर घेऊन बाजाराला चालला होता. म्हणाला, "भाऊ, आमच्या बाईले बी शिकवा ना थोडंसं, तिकडून आले का. लय डोकं हाय तिचं." त्याच माणसाच्या नावावर मी माझं खोटं ठेवलं होतं.

परत आलो तेव्हा पार्बताबाईनं मला सोडलंच नाही. जेवणाच्या सुट्टीत भाकर हातात धरून समोर बसायची. तिकडे माती किती दिस मुरवते? साच्याले तेल कोन्तं लावते? दांड्याले वजन कुठी बांधते? मला अर्धं कळलेलं असायचं, अर्धं वहीत उतरलेलं. दांड्याला वजन का बांधतात हे मला तीन महिन्यांत उमजलं नव्हतं. मी चित्र काढून दाखवलं. तिनं ते पाहिलं, ओल्या मातीचा गोळा सुतळीला बांधून झुलवून पाहिला, आणि म्हणाली की दांडा ताकदीनं फिरवायचा नसतोच, वजन त्याला फिरवतं, आपण फक्त वेळ साधायची. मग तिनं विचारलं, "तं हे बाईमानसाले काऊन नाई जमन?"

त्या हिवाळ्यात पुरुष बांबूच्या तोडीला जंगलात गेले आणि यंत्रं बंद पडली. पार्बताबाई तीन पोरींना घेऊन आली. म्हणाली, आमाले द्या. मी दिलं, कारण दुसरा इलाज नव्हता. पहिल्या दिवशी पुरुषांच्या निम्मे कवेलू निघाले. महिन्याभरात बरोबरीनं निघाले, आणि वेडावाकडा एकही नाही. मी तिला पोरींना शिकवताना पाहायचो. ओरडणं नाही. पोरीच्या मनगटावर हात ठेवायची आणि दांड्याच्या झोक्याबरोबर "आता" एवढंच म्हणायची. आता. आता. थोड्या वेळानं हात काढून घ्यायची, आणि पोरीला कळतही नसे की ती एकटीच करते आहे. अशी शिकवणारी माणसं मी जबलपुरातही पाहिली नाहीत. पुरुष परतले, तरी मालकांनी दोन यंत्रं बायकांकडंच ठेवली आणि माझी पाठ थोपटली.

मग तीनेक वर्षांनी एका भेटीत मालक तिच्या यंत्रापाशी थांबले. मी मागं उभा. सहज, कौतुकानं म्हणाले, "बाई, तुला तेव्हा जबलपूरला पाठवत होतो, तू नाही म्हणालीस. गेली असतीस तर आज ही शेड तुझी असती."

दांडा थांबला. तिनं मालकांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. फार वेळ नाही. म्हणाली, "हो मालक. घरचं होतं जरा."

मालक भट्टीकडं गेले. ती पदरानं हात पुसत जवळ आली आणि हळू म्हणाली, "तुमचं नाव घेतलं असतं, तं उद्या माह्या पोरीयचे मशीन गेले असते. फोरमन तुमी आहा."

तिचं खरं होतं. मी तसं केलंही असतं.

मग तिनं विचारलं, "पन मालकानं खरंच म्हनलं होतं? माह्यं नाव घेऊन?"

"हो," मी म्हणालो. "तूच जावीस असं म्हणाले होते."

तिचा चेहरा — तो मला सांगता येत नाही. मला वाटलं होतं राग येईल. ती हसली. लहान पोरीसारखी, तोंडावर पदर धरून. "म्हंजे कोनाले तं दिसलं होतं," ती म्हणाली. तीन वर्षं ती बाई समजत होती, की आपलं काम कुणाच्या डोळ्यांना दिसलंच नाही. ती तीन वर्षं मी तिला दिली होती.

तिनं ही गोष्ट पुन्हा काढली नाही. पुढं तिच्या हाताखाली शिकलेल्यांतल्या दोघींना गोंडपिपरीकडच्या कवेलू कारखान्यानं बोलावून नेलं, इतरांना शिकवायला. त्यातली एक मिस्त्रीण झाली. पार्बताबाई मात्र आमच्याच शेडमध्ये, यंत्रावरची मजूर म्हणून राहिली, हात चालत होते तोवर.

आणि त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. ती हसून पुन्हा यंत्राकडं गेली, तेव्हा मालकांची जीप फाटकातच उभी होती. ड्रायव्हर इंजिनात पाणी भरत होता. मालक बाजूला एकटेच उभे होते, वीस-पंचवीस पावलांवर. खरं सांगून टाकायला मला वेळ होता. मी शेडच्या खांबाला धरून उभा राहिलो. त्यांनी जाताना हात केला, मीही केला.

त्यानंतर मी अकरा वर्षं फोरमन होतो.