कनाटातल्या राजमातेचा राजीनामा

जयंती गजभिये या बाईंबद्दल कॅनडातल्या आमच्या कनाटा उपनगरात पहिली वावडी उठवली ती मी. नाकारत नाही.

२००६ सालचा ऑक्टोबर. डाउनटाउनला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये त्या माझ्या पुढच्या सीटवर होत्या. मांडीवर छापील कागदांचा गठ्ठा, हातात लाल पेन. मी रिटायर्ड माणूस. डाउनटाउनला माझं काम काहीच नव्हतं, पण सीनियरचा पास होता आणि घरी सूनबाईंचा व्हॅक्यूम क्लीनर चालू होता. चष्मा सारखा करून मी जरा पुढे वाकलो आणि एक ओळ वाचली. इंग्रजीत होती. महाराज, तुमच्या घोडेस्वाराची मी पूर्वेच्या दरवाजापाशी वाट पाहीन, अशा अर्थाची. बाईंनी ती लाल पेनने खोडली आणि वर लिहिलं की पहाटेपासून ताटकळत उभी राहीन.

पन्नाशीची बाई, फेडरल गव्हर्मेंटची नोकरी, मुलगी युनिव्हर्सिटीत, नवरा देवमाणूस. अशा बाईंनी कोणाच्या तरी घोडेस्वारासाठी ताटकळावं, आणि ते वाचून मी घरी गप्प बसावं? माझ्याच्याने झालं नाही. मी इंडियन ग्रोसरीत फक्त दोघांना सांगितलं. त्यातला एक शशिकांत निघाला, ही माझी चूक. रविवारपर्यंत घोडेस्वार गोरा आहे, घटस्फोटित आहे आणि विनिपेगजवळ त्याची शेती आहे, इतपत माहिती गोळा झाली होती.

सोमवारी मॉलमध्ये चालायला गेलो तर प्रेमानंद गजभिये, म्हणजे बाईंचे यजमान, फूड कोर्टापाशी माझी वाट बघत उभे. मला वाटलं, आता काही खरं नाही.

"नाना," ते म्हणाले, "चला आमच्या घरी. तो गोरा दाखवतो तुम्हाला. आणि शेतीचा काय भाव चालू आहे तेही सांगा."

घरी बेसमेंटमध्ये मुलीचा जुना कम्प्युटर होता. जयंतीबाईंनी माझ्यासमोर चहा ठेवला, साखर विचारली नाही, आणि स्क्रीनकडे बोट दाखवलं. "हे घ्या. माझं सासर."

तिथे ग्रेमार्श नावाचं एक राज्य होतं. म्हणजे जमिनीवर कुठे नव्हतं, फक्त इंटरनेटवर. कॅनडाभरातली साठ-सत्तर माणसं आपापल्या घरी बसून तिथे एकेका पात्राच्या नावाने लिहीत. कोणी सरदार, कोणी शिपाई. एकाने लिहायचं की मी दार ठोठावलं, दुसऱ्याने लिहायचं की मी उघडलं नाही. असं करत गोष्ट पुढे सरकायची. आमच्या जयंतीबाई तिथे हॅलोर घराण्याच्या राजमाता ओल्विना होत्या. घोडेस्वार खरा होता, पण तो तह घेऊन येणार होता.

बाई तिथे पोचल्या कशा, ते त्यांची मुलगी ऊर्मी मला नंतर फोनवर सांगत होती. २००१ साली ऊर्मी पंधरा वर्षांची. शाळेतून आली की बेसमेंट. मुलगी तिथे करते काय, कोणाशी बोलते, म्हणून आईने गुपचूप खोट्या नावाने त्याच साइटवर खातं उघडलं. "शी वॉज स्पायिंग ऑन मी, नाना," ऊर्मी म्हणाली. "मी तर एका महिन्यात बोअर होऊन सोडलं. अँड शी बिकेम अ क्वीन. हू डझ दॅट?"

पाळत ठेवायला गेलेली बाई पाच वर्षं राहिली. मला शरम वाटायला हवी होती. त्याऐवजी मी दर शनिवारी दुपारी तिकडे चहाला जाऊ लागलो, कारण ग्रेमार्शमधल्या भानगडी आमच्या मंडळातल्या भानगडींपेक्षा सरस होत्या.

आता खरी गोष्ट. या राज्याचे नियम होते, ते डेरिक नावाच्या हॅलिफॅक्सच्या मुलाने कॉलेजात असताना लिहिले होते. घराणी सात. पहिल्या तीन महिन्यांत जे आले त्यांना चिठ्ठ्या टाकून घराणी वाटली. जयंतीबाईंना हॅलोरची चिठ्ठी लागली, बस. नवीन पात्र तयार करताना सरदार घराण्यातल्याला ताकद, विद्या, शस्त्रं यांसाठी चाळीस गुण मिळायचे. बाकीच्यांना दहा. आणि साइट चालवणारी जी मंडळी, ज्यांना ते स्टाफ म्हणत, ती घराणेदारांतूनच निवडली जायची. नव्या पात्राचा अर्ज तपासायचा ते यांनी, भांडण मिटवायचं ते यांनी, पुढे लढाई होणार की लग्न ते ठरवायचं यांनी. उशिरा आलेल्याने मोतद्दार व्हायचं, नाहीतर मोलकरीण, आणि कोणा सरदाराची मर्जी होईल म्हणून वाट बघायची.

मॅनिटोबातल्या ब्रँडनला लॉरेन नावाची एक बाई शाळेची बस चालवायची. ती ग्रेमार्शमध्ये तबेल्यातली मोतद्दार होती. तिचं लिहिणं जयंतीबाईंनी मला वाचून दाखवलं. घोडीच्या बाळंतपणाचं वर्णन होतं. माझा चहा गार झाला. या लॉरेनने स्टाफवर घ्या म्हणून तीनदा अर्ज केला होता, आणि तिन्ही वेळा एका ओळीत नकार आला होता. पहिल्या दोन नकारांवर ओल्विना राजमातेचीही संमती होती.

तिसऱ्या वेळी बाई अडल्या. का, तर त्यांची नोकरी. आपल्या खात्यात त्या स्टाफिंगच्या विभागात होत्या. एखादी जागा रिकामी झाली की तिला कोणती पात्रता आवश्यक, कोणती असली तर बरी, हे लिहून काढायचं. अठरा वर्षं हेच. त्या दिवशी ऑफिसात त्या अशीच एक यादी करत होत्या आणि लंच टाइमला लॉरेनच्या अर्जावर मत द्यायला साइट उघडली.

"नाना, हातात सँडविच होतं," त्या मला म्हणाल्या. "दिवसभर मी दुसऱ्यांना सांगते, माणूस कुठून आला ते बघू नका, काय येतं ते बघा. आणि घरी येऊन बेसमेंटमध्ये जन्म बघून खुर्ची देत होते. मी. नागपुरातल्या इंदोऱ्याच्या बौद्ध वस्तीतली पोर, गजभियांची सून."

"खेळ आहे हो तो," मी म्हणालो.

"तोही खेळच होता म्हणायचे आमच्या आजोळच्या गावात. विहिरीवर आमच्या पोरींना मागे हटवायचे, तर म्हणे पोरं पोरं खेळून राहिली, लक्ष काय द्यायचं."

मी बिस्किट उचललं आणि खात बसलो.

त्या हिवाळ्यात त्यांनी नवे नियम लिहिले. जेवणाच्या टेबलावर, लाल पेनने, दर रविवारी. प्रेमानंद समोर बसून वाटाणे सोलायचे आणि प्रत्येक कलमाला एक शंका काढायचे. प्रत्येक पात्राला सारखे वीस गुण. घराणं हवं असेल तर त्या विसांतले आठ मोजा आणि घ्या. स्टाफची जागा सगळ्यांसाठी खुली, आवश्यक पात्रता तीनच: सहा महिन्यांचं लिखाण, अर्जाला तीन दिवसांत उत्तर, आणि नकार देताना कारण. आपल्या मित्राचा अर्ज आपण तपासायचा नाही. आणि शेवटचं कलम: जो स्टाफवर बसेल त्याने गादीवरचं पात्र ठेवायचं नाही, कारण न्यायाधीश आणि फिर्यादी एकच झाला की कोर्ट कशाला.

प्रेमानंदांनी वाटाणा हातात धरून विचारलं, "मग तुझ्या ओल्विनाचं काय?"

बाई म्हणाल्या, "बघू."

प्रस्ताव टाकला आणि ग्रेमार्शमध्ये जी आग लागली ती मी तीन आठवडे रोज वाचली. घराणेदार म्हणाले, आम्ही सहा वर्षं घाम गाळला. एकाने तर हिशोब मांडला की त्याच्या सरदाराने चौदा लढाया जिंकल्या. चौदाही लढायांचा निकाल त्याच्याच मित्राने लावला होता, हे लॉरेनने अतिशय नम्रपणे तारखांसकट खाली लिहिलं. मग डेरिकने मधला मार्ग काढला. नियम नवे, पण जुन्या पात्रांना सूट. इंग्रजीत त्याला ग्रँडफादर क्लॉज म्हणतात. आजोबांनी काय घोडं मारलं होतं कोण जाणे. सगळ्या सातही गाद्या जुन्या पात्रांच्याच होत्या, म्हणजे सूट दिली की नियम फक्त कागदावर. नाही दिली तर बारा जणं साइट सोडून जाणार, तशी त्यांनी यादीच दिली होती. डेरिकने जयंतीबाईंना लिहिलं: तुम्ही स्टाफच्या प्रमुख व्हा, ओल्विनालाही ठेवा, सूट तेवढी मान्य करा.

मला वाटलं, घेतील. मीच काय, कोणीही घेतली असती. बाईही लगेच नाही म्हणाल्या नाहीत, हे सांगायला हवं. शनिवार गेला, दुसरा गेला. तिसऱ्या शनिवारी मी ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायला प्रेमानंदांच्या मदतीला, म्हणजे गप्पा मारायला, उभा होतो. मी म्हणालो, "वहिनी एवढ्या का अडल्यात? एक नाव तर आहे."

प्रेमानंदांनी फावडं बर्फात रोवलं. "नाना, ती ओल्विना म्हणजे आमच्या सासूबाई आहेत."

कमलाबाई, जयंतीबाईंची आई. नागपुरात मुलींच्या वसतिगृहाची मेस सांभाळायच्या. २००४ च्या जानेवारीत गेल्या, तेव्हा इथे बर्फाच्या वादळाने विमानं बंद होती. बाई पोचल्या त्या तिसऱ्या दिवशी. परत आल्यावर दोन महिने काही बोलल्या नाहीत. मग ओल्विना बोलू लागली. राजमाता दरबारात सरदारांना झापायची ते कमलाबाईंच्या शब्दांत, इंग्रजी करून. पंगतीला बसलेल्या माणसाला उठवायचं नाही, हा हॅलोर घराण्याचा कायदाच झाला होता आणि सगळं ग्रेमार्श तो पाळायचं. "ऑफिसच्या मीटिंगमध्ये हिचं कोणी धड ऐकत नाही," प्रेमानंद म्हणाले, "आणि तिथे तिची आई बोलायला लागली की सत्तर लोक गप्प. ते सोड म्हणून मी कसं सांगू?"

आम्ही आत गेलो. बाई कम्प्युटरसमोर होत्या. मागे न बघता म्हणाल्या, "बूट काढा दोघंही. मी पाठवलंय."

"काय पाठवलंय?"

"सूट नको म्हणून. कोणालाच. आणि ओल्विना उतरते म्हणून."

डेरिकचं उत्तर अर्ध्या तासात आलं. तो खिन्न झाला होता, पण गोष्टीचा माणूस, त्यातही त्याला संधी दिसली. ओल्विनाला विष देऊ या, तो म्हणाला. मोठी अंत्ययात्रा, सात घराण्यांचे ध्वज खाली, आठवडाभर सगळे लिहितील.

बाई खुर्चीवर मागे रेलल्या. "माझ्या आईला दोनदा मारू काय?" मग टायपायला लागल्या. दोन बोटांनी टायपायच्या, पण ती दोन बोटं ऐकण्यासारखी चालायची.

ओल्विनाने राजीनामा दिला. ग्रेमार्शच्या इतिहासात कोणी राजीनामा दिला नव्हता. तिथे लोक मरायचे, पळून जायचे, नाहीतर शाप लागून दगड व्हायचे. राजमातेने दोन आठवड्यांची नोटीस दिली. धान्याच्या कोठारात किती पोती, कोणत्या किल्ल्याचा दरवाजा दुरुस्त करायचा राहिलाय, कोणत्या सरदाराला दोनदा आठवण केल्याशिवाय काम होत नाही, अशी चार पानांची नोंद करून चार्ज दिला. शेवटच्या दिवशी किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि पायी निघाली. दरवाजापर्यंत पोचवायला चाळीस जणांनी लिहिलं. त्यात ज्यांनी साइट सोडायची धमकी दिली होती त्यांतले दोघं होते. एकाने फक्त एवढंच लिहिलं की सरदाराने टोपी काढली.

बारातले नऊ गेले. नंतर एकेक करून चार परत आले. उरलेले पाच का आले नाहीत, याबद्दल माझ्याकडे माहिती आहे, पण ती लांबण आहे.

मी बाईंना विचारलं, "आता आईचं बोलणं कुठे लिहाल?"

त्यांनी कपाटातला बाइंडर काढून मला दाखवला. ओल्विनाची सगळी पानं, लाल पेनने दुरुस्त केलेली. बाइंडर परत जागेवर ठेवला आणि कपाट लावून घेतलं.

एप्रिलमध्ये खुल्या अर्जातून लॉरेन स्टाफवर आली. सूट नाकारली तरी डेरिकने जयंतीबाईंनाच प्रमुख केलं होतं, पण त्यांना खेळायला पात्र नव्हतं. म्हणून त्यांनीही नव्या नियमाने अर्ज केला, वीस गुण, घराणं नाही. नदीवर नाव चालवणारी एक विधवा, तोंडाने फटकळ. प्रेमानंदांनी मसुदा वाचला आणि म्हणाले, "ही तर तू शशिकांतशी बोलते तशी बोलून राहिली." बाईंना ते आवडलं. माझ्याबद्दल त्यांनी तसं काही म्हटलं नाही, हे मी इथे नमूद करतो.

अर्ज तपासणीला लॉरेनकडे गेला. तीन दिवसांनी परत आला, कारणासकट. पात्राची पूर्वकथा तीनशे शब्दांची हवी, ही तीनशे एकेचाळीस आहे. शिवाय गुणांची बेरीज एकवीस होते. नावाडीण विधवा असेल तर एवढी तलवारबाजी कुठे शिकली, ते एका वाक्यात सांगावं, नाहीतर तलवारबाजी काढून टाकावी. खाली लिहिलं होतं, कृपया रागावू नका.

मी तिथेच होतो. म्हणालो, "वहिनी, प्रमुख तुम्ही आहात. एक फोन करा तिला."

"करू काय?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "आणि मग तुम्ही ग्रोसरीत दोघांना सांगाल."

तलवारबाजी काढली. शब्द मोजत बसल्या, एकेक खोडत. विधवेच्या नवऱ्याचं आख्खं मरण त्यांनी सात शब्दांत बसवलं. अर्ज पुन्हा पाठवला आणि कलमाप्रमाणे पुन्हा तीन दिवस थांबल्या. पुढच्या शनिवारी मी गेलो तेव्हा नावाडीण कामाला लागली होती. घाटावर एक सरदार रांग सोडून पुढे आला होता, आणि ती त्याला मागे उभं राहायला सांगत होती.