त्या शनिवारी अक्का भांडल्या

लग्न होऊन दीपनगरच्या वीजकेंद्राच्या कॉलनीतून मी धुळ्यात, देवपुरात आले तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं. आमच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षिका एकट्याच राहत. सगळे त्यांना अक्का म्हणत. एकदा भाजीच्या गाडीपाशी त्यांनी विचारलं, "वाचायला आवडतं का? मग शनिवारी चारला ये."

त्यांच्या ओसरीत आम्ही पाच-सहा जण जमायचो. एकाने गोष्ट मोठ्याने वाचायची, मग सगळ्यांनी तिच्यावर बोलायचं. गोष्ट एका बैठकीत संपेल एवढीच हवी. बँकेतून निवृत्त झालेले नाना सगळ्यांत छान वाचत. त्यांचा आवाज ऐकताना बशीतले केळीचे वेफर्स तसेच राहायचे.

एका शनिवारी त्यांनी वाचलेल्या गोष्टीत घर सोडून गेलेला नवरा बऱ्याच वर्षांनी परत येतो. बायको काही न बोलता दार उघडते आणि चहा टाकते.

"केवढं मोठं मन आहे बाईचं," नाना म्हणाले.

अक्का एरवी शुद्ध बोलायच्या. त्या दिवशी अहिराणीवर आल्या. "कसानं मोठं मन? तिनी दार उघडालेच नको व्हतं."

"अहो अक्का, गोष्ट आहे ती."

"गोष्ट शे म्हनीसन काय झालं? तिले कोनी इचारं का?"

नाना अर्धा चहा ठेवून निघून गेले. घरी आल्यावर सासूबाईंनी मला सांगितलं, की अक्कांचे यजमान तरुणपणीच निघून गेले, ते परत आलेच नाहीत.

पुढच्या शनिवारी नाना आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. वाचायला कुणी पुढे होईना. शेवटी अक्का उठल्या, एक पुस्तक काखेत घेतलं, पायात चपला सरकवल्या आणि म्हणाल्या, "चला." आम्ही सगळे त्यांच्या मागे नानांच्या घरी गेलो.

नाना अंगणात खुर्ची टाकून बसले होते. आम्हाला बघून गडबडीने उठले. "अक्का, वाचायच्या नादात तुमच्या घरचं माझ्या ध्यानातच राहिलं नाही. चुकलंच माझं."

"तुम्ही वाचलं फार चांगलं," अक्का म्हणाल्या. "म्हणून तर मला एवढं लागलं. आज मी वाचते, तुम्ही ऐका."

त्यांनी एक विनोदी गोष्ट वाचली. नाना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. नंतर कितीतरी वर्षं आम्ही जमत राहिलो, आणि ती दोघं जवळजवळ प्रत्येक गोष्टीवर वाद घालत राहिली.

आता नाना नाहीत. अक्कांना दिसायचं कमी झालंय. मी जळगावला असते. त्या जुन्या मंडळींचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. कुणी गोष्ट टाकतं, बाकीचे अंगठे देतात. ते पाहिलं की मला ती ओसरी आठवते. मग मी सरळ अक्कांना फोन लावते, एखादी छोटी गोष्ट वाचून दाखवते. शेवटाला आले की त्या म्हणतात, "थांब जरा. हे काही मला पटलं नाही." आणि आम्ही बोलत बसतो.