आंतरपाश

निवृत्तीनंतर मी कंपन्यांमध्ये जाऊन सुरक्षेवर बोलतो. समोर मालक असतात, मॅनेजर असतात, हल्ली आयटीतली तरुण मंडळीही असतात. चहाच्या वेळी एक प्रश्न हमखास येतो: ट्रेनिंग दिलं याचा पुरावा म्हणून काय ठेवायचं? कामगाराला समजलं की नाही हे कसं ओळखायचं, असं आजवर एकानेही विचारलेलं नाही. मला संताप येतो. पण तो गिळावा लागतो, कारण या धंद्यात मी त्यांचाच गुरू शोभेन.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. हडपसरच्या आमच्या कारखान्यात परदेशी भागीदार आला आणि त्याच्याबरोबर पत्रा दाबायचे नवे प्रेस आले. प्रेसला पुढे जाळीचं दार. दार उघडलं की एक छोटासा स्विच मशीन बंद करायचा, म्हणजे आत हात असताना प्रेस खाली येऊ नये. सुरक्षेची पुस्तिका मात्र इंग्रजीत होती. ती मराठीत आणायचं काम पर्सोनेल खात्यातल्या माझ्याकडे आलं. मी पुण्याच्या पेठेतला, तेव्हा माझं मराठी शुद्ध, असा साहेबांचा समज. माझाही होताच.

'इंटरलॉक'पाशी मी अडलो. कामगार त्याला सरळ 'दाराचा स्विच' म्हणत. तेवढं लिहिलं असतं तरी भागलं असतं, पण मला ते गावठी वाटलं. दोन दिवस डोकं खाजवून मी 'आंतरपाश' असा शब्द घडवला. मशीनशेजारी लाल अक्षरांत पाट्या लागल्या: 'आंतरपाश निष्प्रभ करण्यास सक्त मनाई आहे.' सुरक्षा सप्ताहात त्या पाटीबद्दल मला शाल आणि नारळ मिळाला.

ट्रेनिंग कँटीनमध्ये झालं, जेवणानंतर, पेंगुळलेल्या माणसांपुढे. मी पुस्तिका वाचून दाखवली आणि रजिस्टर फिरवलं. वर माझ्याच अक्षरात वाक्य होतं: 'वरील सर्व सूचना मला समजल्या.' खाली सह्या.

प्रेसवरचे एक ऑपरेटर उभे राहिले. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, विश्रांतवाडीहून दोन बस बदलून यायचे, सुट्टीत पेपर अथपासून इतिपर्यंत वाचायचे. एकदा पगाराच्या रांगेत मला म्हणाले होते, "आमच्या घरात सही करणारा मी पहिला, साहेब. धम्मदीक्षा घेतली तेव्हाही वडील अंगठाच उठवायचे."

"साहेब, आंतरपाश म्हणजे नेमकं काय?" त्यांनी विचारलं. "कारण आमच्या मशीनवर..."

मी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. "अहो, आपण मराठीच ना? बुधवार पेठेतल्या दुकानांत शब्दकोश मिळतात. उभ्याने चाळायचे पैसे पडत नाहीत."

कँटीन हसलं. मीही हसलो. ते खाली बसले आणि त्यांनी सावकाश, गोल अक्षरात सही केली. तो विनोद मी घरी जाऊनही सांगितला.

'आमच्या मशीनवर'च्या पुढे काय होतं, ते महिन्याभराने कळलं. दार उघडताना मशीन बंद पडायचं, नग कमी भरायचे, म्हणून सुपरवायझरने तो स्विच चिकटपट्टीने दाबून ठेवला होता. आत पत्रा अडकला, त्या ऑपरेटरनी दार उघडून तो काढायला हात घातला आणि प्रेस खाली आला. उजव्या हाताची चार बोटं गेली. मी धावत पोचलो तेव्हा पट्टी तशीच होती. जवळच्या मांजरी गावचा तो सुपरवायझर मला म्हणाला, "समद्या मशिनी अशाच चालत्यात साहेब. कुणाला ठावं न्हाय?"

मला ठाऊक नव्हतं. एक वाक्य पुरं होऊ दिलं असतं तर झालं असतं.

चौकशीत सुपरवायझरने कानांवर हात ठेवले. ट्रेनिंग मिळूनही यांनीच स्विच बांधला, असं कंपनीचं म्हणणं पडलं. ते ठरलं तर हाताबरोबर नोकरीही जाणार होती. बँडेजचा हात मांडीवर घेऊन ते बसले होते.

"पट्टी मी लावली नाही," ते म्हणाले. "पाटीवर लिहिलंय ते हेच का, एवढंच मला विचारायचं होतं. नंतर रविवारी मी बुधवार पेठेत गेलो. दोन दुकानांत जाडे शब्दकोश पाहिले. तो शब्द त्यांत नाही. मला वाटलं, माझंच बघायला चुकलं. मग पुन्हा विचारायची लाज वाटली."

आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

मोठ्या साहेबांनी मला विचारलं, "यांना ट्रेनिंग समजलं होतं का?"

उत्तर मला माहीत होतं. मी भ्यालो. रजिस्टर त्यांच्याकडे फिरवलं, त्या गोल सहीवर बोट ठेवलं आणि म्हणालो, "सही आहे, साहेब."

पुढच्याच आठवड्यात त्यांना काढलं. शेवटच्या कागदावर त्यांनी डाव्या हाताने सही करून पाहिली. अक्षरं वेडीवाकडी आली, रजिस्टरमधल्या सहीशी जुळेनात. पुरावा चोख हवा, म्हणून शाईचं पॅड मीच पुढे सरकवलं. त्यांनी पॅड जवळ ओढलं आणि डावा अंगठा उठवला. त्या ठशाखाली साक्षीदार म्हणून सही माझी आहे.